‘पालाब्रा’ : दाखल्यापासून शब्दापर्यंत

पवित्र शास्त्राच्या अभ्यासकास ग्रीक व इब्री शब्दांची मुळे शोधण्याची सवय असते. प्रसंगी तो लॅटिनकडेही वळतो. परंतु लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या लोकभाषांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक शुभवर्तमानाची भाषा सामान्य जनांच्या जिव्हेवर कशी रुळली आणि रुळता रुळता तिचे काय झाले, हे पाहावयाचे असेल तर या लोकभाषांसारखे दुसरे साधन नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका शब्दाचा परिचय करून देत आहोत. तो शब्द म्हणजे ‘पालाब्रा’.

स्पॅनिश आणि गालिसियन या दोन्ही भाषांत हा शब्द एकाच रूपात वापरला जातो आणि त्याचा अर्थ ‘शब्द’ असाच आहे. गालिसिया हा स्पेनचा वायव्येकडील प्रांत. संत याकोबाच्या नावाने प्रसिद्ध असलेले सांतियागो दे कोम्पोस्तेला हे यात्राक्षेत्र त्याच प्रांतात आहे. तेथील गालिसियन भाषा ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. मध्ययुगात या दोहोंची वाङ्मयीन भाषा एकच होती. इतकेच नव्हे, तर कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाल १२५२ ते १२८४) याच्या आश्रयाने रचलेली, मरियेच्या स्तुतिपर अशी चारशेहून अधिक गीते त्याने आपल्या कॅस्टिलियन भाषेत न करविता याच भाषेत करविली. पोर्तुगीजमध्ये आपला हा शब्द ‘पालाव्रा’ असा आहे. गोमंतकात साडेचारशे वर्षे पोर्तुगीज भाषा नांदली. तिच्याकडून मराठीने पाद्री, चावी, पगार, बटाटा असे किती तरी शब्द घेतले. ‘पालाव्रा’ मात्र घेतला नाही. शब्दाला शब्द आपल्यापाशी होताच.

‘पालाब्रा’चा आजचा अर्थ ‘शब्द’ असला तरी त्याचे मूळ ‘शब्द’ या अर्थाचे नाही. ते आहे ‘दाखला’. प्रभु येशू ज्या दाखल्यांनी लोकांना शिक्षण देत असे, त्या दाखल्यांचेच नाव कालांतराने स्पेनमधील प्रत्येक शब्दाचे नाव झाले. हे कसे घडले आणि त्यातून आपण काय घ्यावे व काय घेऊ नये, हा या लेखाचा विषय आहे.

शेजारी ठेवणे

ग्रीक भाषेत ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘बाल्लेइन’ म्हणजे टाकणे. या दोहोंपासून ‘पाराबोले’ हे नाम बनले. एक गोष्ट दुसरीच्या शेजारी ठेवणे, म्हणजेच तुलना करणे, हा त्याचा मूलार्थ. अॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात उदाहरणांचे प्रकार सांगताना या शब्दाचा उपयोग केला आहे. सुकाणू धरणारा नावाडी आपण चिठ्ठ्या टाकून निवडीत नाही, मग राज्याचे अधिकारी तसे का निवडावे, अशा धर्तीचा युक्तिवाद त्याने ‘पाराबोले’ या सदरात घातला आहे.

आपल्याकडील ‘दृष्टांत’ ही संज्ञा येथे आठवल्यावाचून राहत नाही. न्यायदर्शनात ‘दृष्टांत’ हा सोळा पदार्थांपैकी एक आहे. ज्या गोष्टीविषयी सामान्य लोक व परीक्षक या दोघांचीही बुद्धी सारखीच असते, ती दृष्टांत होय, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असे तीन भाग आढळतात. म्हणजे शेजारी ठेवलेली गोष्ट व जिच्या शेजारी ती ठेवली ती गोष्ट, असे दोन्ही पक्ष तेथे स्पष्ट असतात.

ख्रिस्तपूर्व काळात इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकारांपुढे ‘माशाल’ हा इब्री शब्द आला. माशालचा विस्तार मोठा आहे. म्हण, नीतिवचन, उपमा, कोडे, उपहासाचे गीत, गूढ भाषण हे सर्व माशालच. भाषांतरकारांनी पुष्कळ ठिकाणी त्यासाठी ‘पाराबोले’ योजला आणि अशा रीतीने माशालचा सारा पसारा त्या ग्रीक शब्दावर लादला गेला. नव्या करारात हा शब्द पन्नास वेळा येतो. त्यांपैकी अठ्ठेचाळीस वेळा तो पहिल्या तीन शुभवर्तमानांत व दोन वेळा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. योहान तो वापरीत नाही. लूक ४:२३ मध्ये वैद्याविषयीची केवळ एक म्हण आहे, तरी तिलाही ‘पाराबोले’ म्हटले आहे. आणि इब्री ९:९ मध्ये निवासमंडपाची रचना हीच एक ‘पाराबोले’ ठरते. पेरणाऱ्याची गोष्ट, एखादी म्हण आणि मंडपाची रचना ही सर्व एकाच शब्दाखाली येतात, याचे कारण त्या शब्दामागे माशाल उभा आहे.

लॅटिनच्या दारात

सेनेका व क्विन्तिलियन या लॅटिन लेखकांना ‘पाराबोला’ हा शब्द ठाऊक होता. परंतु तो वक्तृत्वशास्त्रातील संज्ञा म्हणून. बाजारात वा शेतात तो कोणाच्या तोंडी असण्याचे कारण नव्हते. त्याला लोकांत आणले ते ख्रिस्ती उपासनेने. लॅटिन बायबलात तो दाखल्यांपुरताच राहिला नाही. जेरोमच्या भाषांतरात नीतिसूत्रांच्या पुस्तकाच्या आरंभी शलमोनाच्या ‘पाराबोला’ आहेत. राजांच्या इतिहासात त्याने तीन हजार ‘पाराबोला’ सांगितल्याचा उल्लेख आहे. गणना २३ व २४ या अध्यायांत बलाम पुन्हा पुन्हा आपली ‘पाराबोला’ उचलून बोलू लागतो. ईयोबाच्या २७व्या व २९व्या अध्यायांच्या आरंभी ईयोबही तेच करितो.

बलामाच्या भाषणात आपण ज्याला दाखला म्हणतो तसे काही नाही. ईयोबाच्या भाषणातही कथा नाही. ते केवळ गंभीर, भारदस्त भाषण आहे. जो श्रोता ही वचने लॅटिनमधून ऐकत असे, त्याच्या मनात ‘पाराबोला’ म्हणजे कोणी तरी तोंड उघडून जे बोलतो ते, असा अर्थ सहज ठसला असला पाहिजे. दाखला, मग वचन, मग भाषण, आणि शेवटी भाषणाचा लहानात लहान अंश, म्हणजे शब्द, अशा पायऱ्या येथे दिसतात. यांतील पहिल्या पायऱ्या खुद्द बायबलाच्या पानांवरच आहेत. शेवटची पायरी लोकांनी चढली.

अक्षरांची अदलाबदल

आता रूपाकडे वळू. ‘पाराबोला’ या लॅटिन शब्दात आघात दुसऱ्या अक्षरावर, ‘रा’वर होता. त्यापुढील आघातहीन ‘ओ’ उच्चारात गळाला आणि ‘पाराब्ला’ झाले. पुढे ‘र’ व ‘ल’ यांनी जागा बदलल्या आणि ‘पालाब्रा’ सिद्ध झाले. यास व्याकरणकार वर्णविपर्यय म्हणतात. मराठीत कोणी ‘नुकसान’ऐवजी ‘नुस्कान’ म्हणतो, किंवा ‘वाराणसी’चे ‘बनारस’ होते, तोच हा प्रकार. स्पॅनिशमध्ये त्याची आणखी दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. लॅटिन ‘मिराकुलुम’, म्हणजे चमत्कार, याचे ‘मिलाग्रो’ झाले. आणि ‘पेरिकुलुम’, म्हणजे संकट, याचे ‘पेलिग्रो’. तिन्ही शब्दांत आधी ‘र’ व मग ‘ल’ होता. तिन्हींत तो क्रम उलटला.

गालिसियनमध्ये आणखी एक वाट दिसते. त्या भाषेत व पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला ‘ल’ लोपतो. म्हणून मध्ययुगीन लेखनात ‘पारावोआ’ असेही रूप आढळते. पुढे ते मागे पडले व ‘पालाब्रा’ टिकला.

शेजारच्या भाषांतही हेच कुळ आहे. इटालियन ‘पारोला’, फ्रेंच ‘पारोल’ आणि कॅटलान ‘पाराउला’ ही सारी पाराबोलाचीच लेकरे. फ्रेंच व इटालियन भाषांतील ‘बोलणे’ हे क्रियापदही तिच्यापासूनच आले. स्पॅनिश व गालिसियन यांनी मात्र क्रियापद दुसरीकडून घेतले. लॅटिन ‘फाबुला’ म्हणजे कथा. तिच्यापासून स्पॅनिश ‘आब्लार’ व गालिसियन ‘फालार’, म्हणजे बोलणे. तेव्हा स्पेनमधील शेतकरी जेव्हा ‘मी शब्द बोलतो’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या वाक्यातील नाम दाखल्याच्या घरचे व क्रियापद कथेच्या घरचे असते. त्याला स्वतःला याची जाणीव नसते, ही गोष्ट वेगळी.

दाखल्यालाही नाव हवे होतेच. ‘पालाब्रा’ सर्वसामान्य झाल्यावर विद्वानांनी लॅटिनमधून तोच शब्द पुन्हा उचलला आणि ‘पाराबोला’ या मूळ रूपात दाखल्यासाठी ठेवला. एकाच मातेची दोन अपत्ये, एक रानावनात वाढलेले व दुसरे पाठशाळेत, असे हे जोडशब्द होत. मार्क ४:३३ हे वचन स्पॅनिश बायबलात पाहिले तर ही दोन्ही भावंडे एकाच वाक्यात भेटतात. प्रभूने पुष्कळ दाखल्यांनी, लोकांच्या ऐकण्याच्या शक्तीप्रमाणे, त्यांना वचन सांगितले असे तेथे म्हटले आहे. दाखल्यांसाठी ‘पाराबोला’ आणि वचनासाठी ‘पालाब्रा’.

‘वेर्बुम’ कोठे गेला?

लॅटिनमध्ये शब्दासाठी ‘वेर्बुम’ हा चांगला, रुळलेला शब्द होता. त्याची जागा या परकीय पाहुण्याने का घ्यावी? याचे एक उत्तर फार काळापासून दिले जाते. योहानाच्या शुभवर्तमानातील ‘लोगोस’साठी लॅटिन मंडळीने ‘वेर्बुम’ निवडला; जे नाव देवाच्या पुत्राचे झाले ते रोजच्या व्यवहारात वापरण्यास भक्तजन संकोचू लागले; म्हणून त्यांनी दुसरा शब्द घेतला. हे उत्तर सुंदर आहे, परंतु आपण ते सिद्ध गोष्ट म्हणून मांडू नये. ‘बोलणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘लोक्वी’ हेही याच भाषांतून नाहीसे झाले, आणि त्याला तर असे कोणतेही पावित्र्य चिकटलेले नव्हते. लोकभाषा आपल्या सोयीनेही शब्द टाकते व घेते. कदाचित दोन्ही कारणे एकत्र आली असतील.

इतके मात्र खरे की स्पॅनिशमध्ये ‘वेर्बो’ हे रूप केवळ दोन ठिकाणी प्रमुख उरले : व्याकरणात क्रियापद या अर्थाने, आणि ईश्वरविज्ञानात अनादि वचन या अर्थाने. बायबलाच्या भाषांतरकारांना यातून निवड करावी लागली. कासिओदोरो दे रेइना याने १५६९ साली बासेल येथे प्रसिद्ध केलेल्या बायबलात योहानाच्या पहिल्या अध्यायात ‘पालाब्रा’ घातला. पुढे त्याच परंपरेतील १९०९ व १९६० च्या आवृत्त्यांत ‘वेर्बो’ आढळतो. ‘पालाब्रा’ स्त्रीलिंगी व ‘वेर्बो’ पुल्लिंगी असल्यामुळे हा प्रश्न सर्वनामांपर्यंत जातो. शिवाय एक शब्द प्रत्येकाच्या तोंडचा, तर दुसरा केवळ व्यासपीठावरचा. लोकांना समजेल असा शब्द घ्यावा की पुत्राचे वेगळेपण राखणारा घ्यावा, हा पेच मराठी वाचकास परका नाही. आपल्या भाषांतरकारांनी तेथे ‘शब्द’ घेतला. तोही रोजचाच शब्द आहे, आणि म्हणूनच तो समजावून सांगण्याची जबाबदारी उपदेशकावर येते.

शब्द देणे

‘पालाब्रा’चे अर्थ केवळ कोशातील एका ओळीत मावत नाहीत. सभेत ‘पालाब्रा मागणे’ म्हणजे बोलण्याची अनुज्ञा मागणे. एखाद्यास ‘पालाब्रा तोंडात ठेवून सोडणे’ म्हणजे त्याचे बोलणे न ऐकताच पाठ फिरविणे. गुड फ्रायडेच्या दिवशी ‘सात पालाब्रां’वर प्रवचन होते; तेथे पालाब्रा म्हणजे एकेक शब्द नसून वधस्तंभावरील सात उद्गार आहेत. कादिझ येथील याच उपासनेसाठी हायडन या संगीतकाराने १७८०च्या दशकात आपली प्रख्यात संगीतरचना केली. स्पॅनिश उपासनेत शास्त्रपाठ संपताच वाचक ‘देवाची पालाब्रा’ असे म्हणतो. याउलट ‘पालाब्रेरिया’ म्हणजे पोकळ बडबड, आणि ‘पालाब्रोता’ म्हणजे शिवी. एकाच मुळावर आशीर्वाद आणि शाप दोन्ही लागतात, हे याकोबाने जिभेविषयी लिहिलेलेच आहे.

परंतु सर्वांत वजनदार अर्थ आहे ‘वचन’. ‘पालाब्रा देणे’ म्हणजे वचन देणे. ‘पालाब्राचा माणूस’ म्हणजे शब्दाला जागणारा माणूस. मराठीत आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्द फिरवितो. यात अर्थाचा केसाइतकाही फरक नाही. स्पेनच्या अमलाखाली राहिलेल्या फिलिपाईन्समध्येही ‘पालाब्रा दे ओनोर’, म्हणजे प्रतिष्ठेचे वचन, हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी राहिला आहे.

हा अर्थ नुसता बोलण्यापुरता नव्हता. मध्ययुगीन मंडळीच्या कायद्यात विवाहाची दोन प्रकारची वचने असत. ‘मी तुझा स्वीकार करितो’ असे वर्तमानकाळी वचन दिले की विवाह झाला; ‘मी तुझा स्वीकार करीन’ असे भविष्यकाळी वचन दिले की वाङ्निश्चय झाला. स्पेनमध्ये यांना वर्तमानाच्या व भविष्याच्या पालाब्रा म्हणत. साक्षीदार नसले तरी वर्तमानकाळी वचन बंधनकारक होते. याचा परिणाम असा होई की बंद दाराआड दिलेला शब्द पुरुष उद्या नाकारी, आणि स्त्रीपाशी त्याच्या शब्दावाचून दुसरा पुरावा नसे. सेर्वान्तेसच्या ‘दोन किहोते’मध्ये (१६०५) दोरोतेआची व्यथा नेमकी हीच आहे. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली असा निर्णय केला की पाळक व साक्षीदार यांच्या समक्ष न दिलेले विवाहवचन विवाह ठरणार नाही. ज्यांचा शब्द ऐकण्यास कोणी नव्हते त्यांचे रक्षण करण्याचा हा एक उपाय होता. आपण विवाहविधीत वधूवरांस मोठ्याने, मंडळीसमोर वचने म्हणावयास लावितो, तेव्हा त्यामागे हा इतिहास आहे. तो भाग घाईने उरकण्याचा नव्हे.

उपदेशकाने काय घ्यावे

शब्दांची कुळे सांगण्याचा मोह व्यासपीठावर फार होतो. म्हणून प्रथम एक इशारा. जेम्स बार या पंडिताने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून ठरत नाही, तर वापरणाऱ्याच्या वाक्यावरून ठरतो. ‘पालाब्रा’ म्हणणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या मनात पेरणारा किंवा हरवलेले मेंढरू येत नाही. तेव्हा ‘शब्द म्हणजे मुळात दाखलाच’ असा सिद्धान्त कोणी या लेखावरून काढील, तर तो चूक करील. तसेच ‘पाराबोले’चा मूलार्थ ‘शेजारी टाकणे’ आहे, एवढ्यावरून येशूच्या प्रत्येक दाखल्याचा अर्थ उलगडत नाही. त्यासाठी तो दाखला, त्याचा प्रसंग व त्याचे श्रोते हेच पाहावे लागतात.

मग या इतिहासाचा उपयोग काय? व्युत्पत्ती अर्थ सांगत नसली तरी ती लोकांचा वृत्तान्त सांगते. या वृत्तान्तात आम्हास तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही की मंडळीच्या मुखातून जे वारंवार ऐकू येते, ते लोकांची भाषा बनते. कोणाही विद्वानाने ‘पाराबोला’ स्पेनच्या खेड्यांत नेऊन रुजविली नाही. शतकानुशतके चाललेल्या शास्त्रपाठाने ती नेली. आज आपण उपासनेत जी मराठी बोलतो, ती उद्या आपल्या मुलांच्या तोंडी राहील किंवा राहणार नाही. गालिसियातील लोकांनी घरी गालिसियन बोलावी, पण उपासना लॅटिनमध्ये व प्रवचन बहुधा स्पॅनिशमध्ये ऐकावे, असा काळ कित्येक शतके गेला. त्या भाषेतील संपूर्ण बायबल १९८९ साली प्रसिद्ध झाले. बेळगाव, हैदराबाद, वडोदरा किंवा इंदूर येथे ज्या मंडळ्यांच्या घरची, शाळेची व उपासनेची भाषा एक नाही, त्यांच्या पाळकांना या गोष्टीचा अर्थ विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

दुसरी ही की जे फार वापरले जाते ते झिजते. धारदार, चकित करणारा दाखला झिजत झिजत नुसता शब्द झाला. भाषेच्या दृष्टीने यात काही वाईट नाही. परंतु प्रवचनात तसे होऊ लागले तर ती हानी आहे. उधळ्या पुत्राचा दाखला आरंभ करताच श्रोत्यांस शेवट ठाऊक असतो आणि त्यांचे कान मिटतात. शिवाय शाळेतील मुलास ‘दाखला’ म्हटले की शाळा सोडल्याचा वा जन्माचा दाखला आठवतो. अशा वेळी शब्दाचा खुलासा करावा, आणि दाखला पुन्हा शेजारी ठेवावा : त्याच गावाच्या, त्याच हंगामाच्या, त्याच घरातील भांडणाच्या शेजारी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही की शब्द व वचन एकच आहेत, ही जाणीव गालिसियाच्या शेतकऱ्यास आणि आपल्या शेतकऱ्यास सारखीच आहे. ‘होय’ तर ‘होय’ आणि ‘नाही’ तर ‘नाही’, अशी प्रभूची आज्ञा आहे. देवाची जितकी वचने आहेत त्यांना ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. योहानाच्या पहिल्या अध्यायातील ‘शब्द’ शिकविताना धर्मशिक्षकाने ग्रीक तत्त्वज्ञानापासूनच आरंभ केला पाहिजे असे नाही. गावात ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा एखाद्या माणसापासून आरंभ करावा. असा माणूस शब्द देतो तेव्हा जणू स्वतःलाच देतो, हे श्रोत्यांस चांगले ठाऊक असते. देवाने आपला शब्द दिला म्हणजे काय, हे मग त्यांना सांगता येते. देह धारण केलेल्या शब्दाविषयीचा हा एक दाखला होईल. त्याहून अधिक तो असू नये, आणि कमीही असू नये.